फ्रिजमधलं उरलंसुरलं, चाळीस मिनिटं आणि कांद्याचा वाद

मेथीची_जुडी (रविवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. आत्ताच ओटा पुसून बसलेय आणि मला तुमच्याकडून न्याय पाहिजे.

आमच्या घरी (नाशिक, इंदिरानगर) गेले चार महिने दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी एक खेळ चालतो. बाजारातून काहीही आणायचं नाही, फ्रिज उघडायचा आणि आत जे असेल त्यातून प्रत्येकाने एक पदार्थ करायचा. वेळ ४० मिनिटं. बाहेरचं म्हणून फक्त तेल, मीठ, तिखट, हळद, मोहरी-जिरं आणि काळा मसाला. घरात आम्ही पाच जण, मी, नवरा, सासूबाई, अकरावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. एका वेळी दोघंच ओट्याशी, बाकीच्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

आज फ्रिजमध्ये काय होतं ते सांगते. कालच्या चार पोळ्या, सकाळच्या मिसळीचा मोठी वाटीभर रस्सा आणि तळाला राहिलेली मूठभर मटकी, दुपारचा भात, अर्धा कोबी, आंबट व्हायला लागलेलं दही, कोथिंबिरीच्या पानं खुडून उरलेल्या काड्या, दोन अंडी, अर्धं बीट आणि मऊ पडलेली द्राक्षं, पाव किलोभर असतील.

चिरंजीवांनी भात, अंडी आणि कोबी घेतला, कढई चांगली तापवली आणि गॅलरीतल्या टोपलीतून एक कांदा उचलला. झालं! नवरा म्हणे कांदा फ्रिजमध्ये नव्हता, पदार्थ बाद. मुलगा म्हणे तेल तरी कुठे फ्रिजमध्ये होतं. मुलगी भावाच्या बाजूने उभी राहिली (हे वर्षातून एकदा होतं). भात गार होईपर्यंत भांडण. शेवटी सासूबाई जिंकल्या म्हणून विषय मिटला, पण निकाल लागलेला नाही.

तर प्रश्न तीन. कांदा चालेल का? परीक्षक कोणी व्हायचं, कारण घरातला प्रत्येकजण स्वतः स्पर्धक असतो? आणि तिसरा प्रश्न नाही, आमंत्रण आहे: येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता आपण सगळ्यांनीच आपापल्या घरी हे केलं तर?

पंचवटी_एक्सप्रेस (रात्री ११:०५)

नाशकात राहून कांदा "बाहेरचा"?? अहो लासलगाव इथून साठेक किलोमीटर. मिस्टरांना एकदा लिलावाच्या वेळी तिथे नेऊन उभं करा आणि तेच वाक्य परत म्हणायला सांगा.

मी शनिवारी आहे. फक्त आमची गाडी वेळेवर पोचली पाहिजे.

काळा_मसाला (रात्री ११:१२)

कांद्याचं राहू द्या, सासूबाईंनी काय केलं ते सांगा आधी. जिंकलेला पदार्थ न सांगता झोपायला कसं जाता तुम्ही लोकं?

निफाडची_थंडी (सोमवार, सकाळी ६:४०)

कांद्याबद्दल मला बोलू द्या कारण आमच्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय.

अख्खा कांदा फ्रिजमध्ये ठेवायचाच नसतो. त्याला कोरडी हवा लागते, वारा लागतो. कांदा साठवायची चाळ बघितली असेल तर लक्षात येईल, खालून वरून बाजूने सगळीकडून हवा खेळती ठेवलेली असते. फ्रिजमध्ये दमट असतं, तिथे कांदा मऊ पडतो, कोंब येतो, बुरशी धरते. त्यातून सध्या बाजारात आहे तो रांगडा (थंडीत निघणारा), त्याचा टिकाऊपणा तसाच कमी. उन्हाळ कांदा आला की तो चाळीत चार-पाच महिने बसतो पण तोही हवेवर, गारठ्यात नाही. बटाट्याचंही तसंच, फ्रिजमध्ये बटाट्यातल्या पिठाची साखर होते, मग तो गोडसर लागतो आणि तळला की काळपट होतो. आणि कांदा बटाटा एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

म्हणजे "जे फ्रिजमध्ये आहे तेच" हा नियम लावला तर कांदा ज्या घरात नीट ठेवलाय त्या घराला शिक्षा आणि ज्याने चुकीचा ठेवलाय त्याला बक्षीस. माझं मत स्पष्ट आहे, कांदा, बटाटा, लसूण टोपलीतला चालला पाहिजे. तुमच्या मुलाचा भात वैध.

मेथीची_जुडी (सकाळी ९:२०)

@निफाडची_थंडी, हे मी मुलाला वाचून दाखवलं, शाळेत जाताना जिन्यावरून ओरडत गेलाय "वैध! वैध!"

@काळा_मसाला, आता आईंचा पदार्थ. सगळं बारकाईने लिहिते कारण मी बाहेर उभी राहून डोळे लावून बघत होते.

त्यांनी चारही पोळ्या एकावर एक ठेवल्या, घट्ट गुंडाळी केली आणि विळीवर धरून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. सुरी नको म्हणाल्या, सुरीने पोळी दबते. मग लोखंडी तव्यावर तेलाचा थेंबही न घालता त्या पट्ट्या मंद आचेवर परतल्या, सारख्या हलवत, कडा कडक होऊन टणटण वाजायला लागेपर्यंत. तोवर दुसरीकडे मिसळीच्या रश्श्यात थोडं पाणी, मीठ, चिमूट काळा मसाला घालून खळखळून उकळलं, मटकी त्यातच. कोथिंबिरीच्या काड्या अगदी बारीक चिरून, कच्च्याच बाजूला. दही घुसळून ठेवलं. ताटलीत पट्ट्या, वर उकळता रस्सा, वर दही, वर काड्या. आणि हात जोडून "बसा पटकन" म्हणाल्या, कारण दोन मिनिटांच्या वर थांबलं तर मजा जाते.

मी विचारलं, आई हे काय? म्हणाल्या, चकोल्याच की, फक्त आधी लाटून भाजून ठेवलेल्या.

शिळ्या पोळीतलं पाणी उडालेलं असतं ना, त्यामुळे ती रस्सा पितेही आणि तरी गिच्च होत नाही. ताज्या पोळीचं हे होणार नाही, मी नंतर करून बघितलं, लगदा झाला.

काळा_मसाला (सकाळी ९:३१)

आज घरी मिसळ नाही. मुद्दाम करणार. जास्तीची करणार. उरवणार.

पुण्याहून_नाशकात (सकाळी १०:०२)

आमच्याकडे उरलेल्या पोळीचं एकच ठरलेलं, फोडणीची पोळी, वर शेंगदाणे आणि थोडी साखर. तुम्ही इकडे त्याला कुस्करा म्हणता हे लग्नानंतर कळलं. सासरी पहिल्यांदा "कुस्करा खाणार का" विचारल्यावर मी बराच वेळ गप्प होते.

जेलरोडची_वहिनी (सकाळी १०:१५)

कुस्करा, फोडणीची पोळी, पोळीचा चिवडा, माझं माहेर मराठवाड्यातलं, तिकडे कुटका. पदार्थ तोच.

पुण्याहून_नाशकात (सकाळी १०:१८)

साखरेशिवाय तोच कसा?

जेलरोडची_वहिनी (सकाळी १०:२०)

साखर घातली तर तोच कसा 😄

प्रयोगशाळेतून (दुपारी १:४५)

खेळ मस्त आहे, पण एक गोष्ट मनापासून सांगते, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि भाताचं नाव आलं की मला गप्प बसवत नाही.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं जे विष आहे ते परत उकळलं, परतलं, फोडणी दिली तरी जात नाही. "वाफ काढली की झालं" हे भाताच्या बाबतीत खरं नाही. म्हणून प्रश्न भात किती जुना आहे एवढाच नसतो, फ्रिजमध्ये जायच्या आधी तो किती वेळ बाहेर होता हा असतो. सकाळी ११ ला शिजवला, संध्याकाळी ५ ला आठवण झाली म्हणून आत ठेवला, तो भात स्पर्धेत नको. आता मार्चचं ऊन लागलंय, ओट्यावर लवकर बिघडतं.

कुकरच्या डब्यात गच्च भात तासन्‌तास गरम राहतो, तसाच आत ठेवला तरी मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो. ताटात पसरा, वाफ गेली की झाकून आत, दोन तासांच्या आत. फ्रिज ५ अंशांच्या खाली असला पाहिजे, आणि तो जिवाणू मारत नाही, फक्त त्यांची चाल मंद करतो. शिजवलेलं अन्न तीन दिवसांच्या आत संपवा.

सिडको_अण्णा (दुपारी २:१०)

मॅडम मान आहे तुम्हाला, पण आमचे आजोबा रोज सकाळी रात्रीचा भात खाऊन शेतावर जायचे, फ्रिज कुठला, वीज नव्हती. नव्वदीपर्यंत ठणठणीत. काही होत नाही हो एवढं.

प्रयोगशाळेतून (दुपारी २:४०)

अण्णा, एक विचारू का, आजोबांचा भात कोरडा ठेवलेला असायचा की ताकात, पाण्यात?

सिडको_अण्णा (दुपारी २:५५)

ताकात. मडक्यात. वर कांदा फोडून आणि हिरवी मिरची.

प्रयोगशाळेतून (दुपारी ३:०५)

तेच तर! ताकाचा आंबटपणा आला की त्या जिवाणूला वाढायला अवघड जातं, आणि रात्रभरात तो आंबटपणा वाढतच जातो. आजोबांच्या घरी कोणीतरी बाई हे नीट जाणून होती. आपण ताक काढून टाकलं, मडकं काढून टाकलं आणि "शिळा भात चालतो" एवढंच लक्षात ठेवलं.

सिडको_अण्णा (दुपारी ३:२०)

आजी होती. खरं बोललात. हे मला आज वयाच्या ६३ व्या वर्षी कळतंय.

पंचवटी_एक्सप्रेस (दुपारी ३:४०)

नियम क्रमांक २ झाला म्हणायचा, भाताला जन्मवेळ सांगावी लागेल. पत्रिका मांडा.

दिंडोरी_बाग (संध्याकाळी ७:३०)

त्या मऊ द्राक्षांचं काय झालं ते कोणी विचारलंच नाही. माझा जीव तिथेच अडकलाय.

एप्रिलमध्ये खरड छाटणी (काड्या तयार व्हायला), ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (घड यायला), मग रोज बागेत. दव, पाऊस, भुरी रोग, सगळ्यातून वाचून चार-सव्वाचार महिन्यांनी घड हातात येतो. अख्खं वर्ष जातं एका घडामागे. आणि फ्रिजमध्ये मऊ पडला म्हणून लोक टाकतात. मऊ पडला म्हणजे खराब नव्हे, देठाकडे ओलसर झालाय का, आंबूस वास येतो का, बुरशी आहे का एवढं बघायचं, तसे मणी काढून टाकायचे, बाकीचे चांगले.

आमच्याकडे गळक्या मण्यांचा मेथांबा करतात, कैरीसारखाच. तेलात मोहरी, मेथीचे दाणे लालसर होऊ द्यायचे (काळे झाले की कडू), हिंग, हळद, तिखट, मग मणी. झाकण ठेवायचं नाही. मणी फुटायला लागले की गूळ, मीठ. आपली थॉमसन द्राक्षं गोड असतात म्हणून गूळ निम्माच, वाटलं तर लिंबू. दहा मिनिटांत होतं. भाकरीबरोबर खाऊन बघा.

मेथीची_जुडी (रात्री ८:१०)

@दिंडोरी_बाग, मुलीने द्राक्षं बिटाबरोबर दह्यात घातली होती, जांभळी कोशिंबीर. दिसायला सुंदर, चवीला सगळे "हं, छान" म्हणाले आणि वाटी तशीच राहिली. अजून वाटीभर द्राक्षं आहेत, उद्या मेथांबा.

जेलरोडची_वहिनी (रात्री ९:४५)

सगळं वाचतेय, हसतेय, पण एक आतलं बोलते, राग मानू नका.

"उरलेलं टाकायचं नाही" हे ऐकायला फार चांगलं वाटतं. माझ्या लग्नाला २२ वर्षं झाली. या २२ वर्षांत उरलेलं कोणी खाल्लं? सकाळची भाजी संध्याकाळी वाटीभर असली की ताजी भाजी सगळ्यांच्या ताटात आणि ती वाटी माझ्या. कोणी जुलूम केला नाही, कोणी सांगितलंही नाही, ते तसंच व्हायचं. पोळ्यांच्या डब्यात खाली कालच्या दोन असतात ना, त्या खालच्या दोन कोणाच्या असतात हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. म्हणून कोणी शिळ्याचं कौतुक सुरू केलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि आता त्यात कल्पकताही आम्हीच दाखवायची?

तुमच्या घरी नवरा, मुलं करतात म्हणताय म्हणून वाचत राहिले. नाहीतर धागा बंद करून झोपले असते.

गोदाकाठ (रात्री १०:००)

वहिनी, हे कोणीतरी बोलायलाच हवं होतं. मी पुरुष आहे आणि आमच्या डब्यातल्या खालच्या दोन पोळ्या कोण खातं हे मला आत्ता, या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. आई खायची. आता बायको खाते.

मेथीची_जुडी (रात्री ११:३०)

वहिनी, राग कसला. खरं सांगायचं तर हा खेळ त्यातूनच सुरू झाला, सुरुवातीला लिहायला संकोच वाटला म्हणून लिहिलं नाही.

ऑक्टोबरमधली गोष्ट. मी रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा न लावता आई ओट्याशी उभ्या होत्या. फ्रिजच्या उजेडात, उभ्या उभ्याच, दोन दिवसांपूर्वीची गवारीची भाजी डब्यातूनच खात होत्या. गार. मी म्हटलं आई, भूक लागली का, गरम करून देते. म्हणाल्या, भूक नाही गं, उद्या टाकशील म्हणून. वय ७१. रात्री साडेअकरा.

मला झोप लागली नाही. टाकू नका म्हणून त्यांना सांगून उपयोग नव्हता, त्यांनी दुष्काळाची वर्षं बघितलीत, १९७२ ला त्या शाळेत होत्या, सरकारी मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी खाल्लीय. मग मी मुलांना धरलं. म्हटलं आपण एक खेळ सुरू करू, महिन्यातून एकदा फ्रिजमधलं सगळं टेबलावर येईल, सगळ्यांच्या ताटात सारखं. नवऱ्याला सांगितलं तुलाही करावं लागेल. पहिल्या महिन्यात त्याने केलेलं ऑम्लेट कढईला चिकटलं ते आम्ही खरवडून खाल्लं.

आता महिन्याचे बाकीचे दिवसही थोडे बदललेत. मुलगी डब्यातल्या खालच्या पोळ्या आधी वर काढते आणि सगळ्यांना अर्धी अर्धी वाटते. एवढंच. पण रात्री स्वयंपाकघरात अंधारात कोणी उभं नसतं.

जेलरोडची_वहिनी (रात्री ११:४१)

शनिवारी मी आहे. नवराही आहे, त्याला अजून माहीत नाही.

एकटा_जीव_अंबड (मंगळवार, रात्री १२:२०)

सेकंड शिफ्ट करून आलो, सगळा धागा वाचला. आम्ही तिघं रूमवर राहतो, फ्रिज सेकंडहँड, दार लागण्यासाठी खुर्ची टेकवावी लागते. आमच्याकडे कायम एकच गोष्ट उरते, मेसच्या डब्यातली दुधी. तिघांच्या तीन डब्यांतली. कधी कधी गिलकी.

एकदा त्यात चार अंडी फोडली. आधी दुधीतलं पाणी पूर्ण आटवायचं, कढई कोरडी वाजली पाहिजे, मग तेल, तिखट, लसूण ठेचून, मग अंडी. भुर्जी म्हणून पावाबरोबर खाल्ली, रूममेटला शेवटपर्यंत कळलं नाही की आत दुधी आहे. आता मुद्दाम करतो.

फक्त एक विचारायचं होतं, डबा दुपारी १२ ला येतो आणि आम्ही शिफ्टवरून रात्री येतो, तोवर तो बाहेरच. मॅडम?

प्रयोगशाळेतून (सकाळी ७:१५)

@एकटा_जीव_अंबड, तो डबा बाहेर बारा तास राहतो, हे बरोबर नाही. जो घरी असेल त्याने दुपारीच तिघांचे डबे आत ठेवावेत. कोणीच नसेल तर भात आणि डाळ मागवू नका, सुकी भाजी-पोळी घ्या, पण वास, चव बरी म्हणजे ती सुरक्षित असं धरू नका. आणि आधी त्या दाराचं रबर बदला, दार नीट न लागणारा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट.

खानदेशी_ठेचा (सकाळी ८:३०)

काय भो, सगळे पोळीवरच अडकले! कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) शिळ्या भाकरीबद्दल कोणी काही बोलेल का? ताकात कुस्करलेली, वर ठेचा, कच्चा कांदा. संपला विषय, गॅस पेटवायचीही गरज नाही. भरीत उरलं तर त्यात मावेल तेवढं ज्वारी-बाजरीचं पीठ, थालीपीठ थापा, भरताचा धुराचा वास तसाच राहतो.

एकच सांगतो, शेवभाजी उरवू नका. शेव विरघळून पिठलं होतं. पाहुणे मोजून रश्श्यात शेव टाका, उरलेला नुसता रस्सा ठेवा, दुसऱ्या दिवशी नवी शेव. हे आमच्या आईचं शास्त्र.

कटाची_आमटी (सकाळी ११:००)

आपण सगळ्याला सरसकट शिळं म्हणतोय, ते मला पटत नाही. शिळं वेगळं आणि मुरलेलं वेगळं. होळी आलीच आहे, कटाची आमटी पहिल्या दिवशी नुसती आंबट-तिखट पाणी असते, दुसऱ्या दिवशी तिला चव येते. लोणचं, मिसळीचा कट, वांग्याचं भरलेलं, मटणाचा रस्सा, हे मुरतं. भात, पोळी, कोशिंबीर, हे शिळं होतं. पालेभाजी तर शिळी होते आणि रुसतेही. स्पर्धेत मुरलेल्या पदार्थाला वेगळे गुण द्या, त्यात स्पर्धकाचं कर्तृत्व काय, अर्धं काम रात्रीने केलेलं असतं.

काळा_मसाला (सकाळी ११:०९)

"अर्धं काम रात्रीने केलेलं असतं" 🙏 हे मी फ्रिजवर लिहून लावणार.

गोदाकाठ (दुपारी १२:३०)

काल रात्रीपासून डोक्यात भुंगा आहे म्हणून थोडं वाचलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात २०२२ चा अंदाज दिलाय, जगभरात साधारण १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलं, दुकानं यातून नाही, घरांतून. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. घरात पाच माणसं धरली तर पावणेतीन क्विंटल. शेतकरी मंडळींना क्विंटल म्हटलं की लगेच डोळ्यासमोर येईल.

आणि आपल्याकडे मुद्दाम शिळं खायचा सण आहेच की. श्रावणातली शीतळा सप्तमी, आदल्या दिवशी रांधायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. घरातले सगळे तेच खायचे, लहानथोर, बाई-पुरुष. वहिनींच्या पोस्टनंतर मला त्या सणाचा अर्थ वेगळाच दिसला.

निफाडची_थंडी (दुपारी १:००)

पावणेतीन क्विंटल म्हणजे ५० किलोच्या साडेपाच गोण्या. एका घरातून. डोळ्यासमोर आल्या.

मेथीची_जुडी (शुक्रवार, रात्री ९:००)

उद्याचे नियम, आतापर्यंतच्या चर्चेवरून:

कांदा, बटाटा, लसूण टोपलीतला चालेल. भात असेल तर कधी शिजला आणि कधी आत गेला हे लिहायचं, शंका असेल तो बाद. आधी फ्रिजमधल्या वस्तूंची यादी टाकायची, मग पदार्थ, म्हणजे मागाहून पनीर उगवणार नाही. मुरलेल्या पदार्थाचे गुण अर्धे. जो एरवी स्वयंपाक करत नाही त्याने उद्या करायचाच. आणि परीक्षकाचं असं ठरवलंय, जो जेवल्यावर भांडी घासेल तोच परीक्षक. आमच्याकडे यावर एकमत झालं, भांडी घासणाऱ्याशी कोणी वाद घालत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस (शनिवार, संध्याकाळी ७:०५)

गाडीतूनच यादी टाकतो, बायकोने फोटो पाठवलाय. इडलीचं पीठ दोन वाट्या, गाजर, अर्धी वाटी मुगाची उसळ, श्रीखंडाचा डबा. घरी पोचायला पाऊण तास.

पंचवटी_एक्सप्रेस (रात्री ८:४०)

श्रीखंडाच्या डब्यात आलं-लसणाची पेस्ट निघाली. आप्पे केले, आत उसळ भरून. पहिला घाणा चिकटला, दुसरा आला. बायको परीक्षक, १० पैकी ६. एक गुण उभं राहून न खाता टेबलावर बसवून वाढल्याबद्दल दिला म्हणाली.

एकटा_जीव_अंबड (रात्री ९:००)

दाराचं रबर बदललं. दुधी होतीच. आज थालीपीठ, पीठ शेजारच्या काकूंनी दिलं, हे नियमात बसत नसेल तर बाद करा, पण पोटभर झालं.

जेलरोडची_वहिनी (रात्री ९:२५)

यादी: वांग्याची भाजी, तीन भाकरी, ताक, अर्धी काकडी. नवऱ्याने भाकरी ताकात कुस्करली, काकडी चिरली, वर फोडणी ओतली, मोहरी करपली. तेच खाल्लं दोघांनी, त्याने स्वतःहून पातेलं मध्ये ठेवलं आणि अर्धं अर्धं केलं. गुण देत नाही. लिहून ठेवते फक्त, तारखेसकट.

दिंडोरी_बाग (रात्री ९:३०)

मेथांब्याचा कोणी अहवाल देईल का.

मेथीची_जुडी (रात्री १०:१५)

@दिंडोरी_बाग, मंगळवारी केला, बुधवारी सकाळी बरणी रिकामी. आई म्हणाल्या त्या बागवाल्याला विचार, मणी देतोस का विकत.

आमचा निकाल. मुलीने कोबीची भजी, नवऱ्याने परत ऑम्लेट (या वेळी सुटलं), मी आंबट वरणाची धिरडी. आज परीक्षक आई, कारण त्यांनीच भांडी मागून घेतली, म्हणाल्या मला यंदा गुण द्यायचेत.

पण कांद्याचं सांगायलाच हवं. चिरंजीवांना शुक्रवारी रात्री वाटलं, नियम शेवटच्या क्षणी बदलला तर? म्हणून त्याने चार कांदे चिरून, झाकण न ठेवता, वाडग्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले. आज सकाळचा चहा कांद्याचा, दूध कांद्याचं, संध्याकाळी आईंनी नैवेद्याला काढलेलं लोणी कांद्याचं. त्याने कांद्याचा झुणका केला, उत्तम झाला होता, आईंनी दोनदा घेतला.

आणि गुण दिले शून्य. म्हणाल्या, पदार्थ पहिला, पण लोण्याचे वजा केले.

निफाडची_थंडी (रात्री १०:२२)

मी सांगितलं होतं, कांदा फ्रिजमध्ये ठेवायचाच नसतो.